कसबा ते मंडई : पुण्याच्या जुन्या पेठांतून स्वतःच करायची पायी फेरी

पुण्याच्या जुन्या पेठा पाहायला सोबत माहीतगार माणूस असलाच पाहिजे असे नाही. पाहण्याचा क्रम मात्र आधी ठरवलेला हवा. बाहेरगावचे बहुतेक पाहुणे शनिवारवाड्यापासून सुरुवात करतात, तिथेच दमतात, दगडूशेठच्या गणपतीचे दर्शन घेऊन तुळशीबागेत खरेदीला शिरतात आणि जुने पुणे पाहून झाले असे समजतात. त्याऐवजी नदीकाठच्या कसब्याकडून दक्षिणेला मंडईपर्यंत चालत आले, तर शहर ज्या क्रमाने वाढले जवळजवळ त्याच क्रमाने ते समोर येते : शहाजीराजांच्या जहागिरीचा कसबा, पेशव्यांचा वाडा, नाना फडणवीसांच्या काळातली देवळे, दुसऱ्या बाजीरावाचा प्रासाद आणि शेवटी इंग्रजी अमदानीतली मंडई. एक ठिकाण या काळक्रमात अजिबात बसत नाही, आणि ते आपण मुद्दाम सर्वांत आधी पाहणार आहोत.

निघण्यापूर्वी

ही वाट आडवाटांसह चार ते साडेचार किलोमीटरची आहे. नुसते चालायचे तर तास-सव्वा तास पुरेल, पण पाहत, थांबत, चहा घेत जायचे असल्यास चार तास हाताशी ठेवावेत. सकाळी साडेसात-आठच्या सुमारास निघणे सर्वांत सोयीचे, कारण दहानंतर शिवाजी रस्त्यावर पायी चालणाऱ्याची डाळ शिजत नाही आणि दुपारी अनेक देवळांचे गाभारे व बरीच दुकाने बंद असतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. गणेशोत्सवाचे दहा दिवस या पेठा पाहण्यासारख्या असतात हे खरे, पण तेव्हा मांडव पाहावेत. वाडे आणि देवळे तेव्हा दिसत नाहीत. दिवाळीच्या आधीचे दोन आठवडेही टाळावेत, कारण लक्ष्मी रस्ता आणि तुळशीबाग यांत पाऊल ठेवायला जागा नसते.

गाडी घेऊन येण्याचा विचारही करू नये. स्वारगेटपर्यंतचा भुयारी मेट्रोमार्ग सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून ही फेरी अगदी सोपी झाली आहे : कसबा पेठ स्थानकावर उतरायचे आणि मंडई स्थानकावर परत चढायचे. देवळांत वारंवार जोडे काढावे लागतात, म्हणून चटकन निघणारी पादत्राणे घालावीत. पाण्याची बाटली, टोपी आणि तिकिटासाठी व कुठे देवापुढे ठेवण्यासाठी थोडे सुटे पैसे एवढे पुरे. स्वच्छतागृहाची सोय शनिवारवाड्याच्या आवारात आणि मंडई परिसरात आहे. मधल्या टप्प्यात ती मिळेलच याची खात्री नसल्याने तसे नियोजन करावे.

आणखी एक सवय सुरुवातीलाच लावून घ्यावी. पेठांत चालताना नजर पहिल्या मजल्यावर ठेवावी. तळमजल्यावर दुकानांच्या पाट्यांनी सारे झाकलेले असते. वर मात्र लाकडी सज्जे, कोरीव तुळया, लोखंडी जाळीचे कठडे, कौलांच्या उतरत्या छपरांचे तुकडे अजून शिल्लक असतात. अर्थात रस्ता ओलांडताना ही सूचना विसरावी.

पहिला टप्पा : नागझरीपलीकडचा त्रिशुंड गणपती

मेट्रो स्थानक फडके हौदाच्या परिसरात आहे. हौदाच्या नावाने ओळखले जाणारे चौक आणि वस्त्या पुण्यात अनेक आहेत. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथले पाणी दगडी भुयारी नळातून शहरात आणले आणि ठिकठिकाणच्या हौदांत सोडले. नळात हवा खेळती राहावी म्हणून जागोजागी उच्छ्वास बांधले होते. आज त्यांतले बहुतेक हौद बुजले किंवा झाकले गेले आहेत, पण रिक्षावाल्याला पत्ता सांगताना त्यांची नावे अजून लागतातच.

इथून पूर्वेकडे नागझरीचा ओढा ओलांडून सोमवार पेठेत जावे. पेशवाईत नव्याने वारांची नावे मिळण्यापूर्वी ही वस्ती शहापूर म्हणून ओळखली जात होती, आणि सावकारी व व्यापार करणाऱ्या गोसावी मंडळींमुळे तिच्या एका भागाला गोसावीपुरा म्हणत. कमला नेहरू रुग्णालयाजवळ कुणालाही विचारले तर त्रिशुंड गणपतीचे देऊळ दाखवतील. गल्लीत ते असे दडलेले आहे की अगदी समोर जाऊन उभे राहिल्याशिवाय दिसत नाही.

भीमगीरजी गोसावी यांनी १७५४ मध्ये या देवळाचे काम सुरू केले आणि १७७० मध्ये मूर्तीची प्रतिष्ठापना झाली. म्हणजे काळाने हे शनिवारवाड्यानंतरचे आहे आणि आपला क्रम इथे मोडतो. तरीही सुरुवात इथूनच करावी, कारण वाट बाजूला असल्याने शेवटी पाहू म्हणणारे लोक इथे कधीच पोहोचत नाहीत. आणि माझ्या मते या संपूर्ण फेरीतले सर्वांत पाहण्यासारखे दगडी काम हेच आहे. लाकूड, वीट आणि चुना यांच्या शहरात काळ्या दगडाची इतकी भरगच्च कोरलेली दर्शनी भिंत दुसरी नाही. द्वारपाल, यक्ष, हत्ती, पोपट, मोर यांच्या गर्दीत साखळदंडाने बांधलेला एक गेंडा आणि त्याच्याजवळचे इंग्रज शिपाई शोधावेत. बंगालमधल्या इंग्रजी सत्तेवर केलेले हे भाष्य आहे असा त्याचा अर्थ लावला जातो. आत संस्कृत आणि फारसी शिलालेख आहेत, आणि गाभाऱ्यात मोरावर बसलेली तीन सोंडांची गणेशमूर्ती आहे. देवळाखाली तळघर असून त्यात पाणी असते; ते एरवी बंद ठेवतात आणि गुरुपौर्णिमेला पाणी उपसून उघडतात. दर्शनी भिंतीसमोर निदान पंधरा मिनिटे द्यावीत, आधी मधले दार पाहावे, मग दोन्ही बाजूंचे कोनाडे, आणि शेवटी थोडे मागे सरकून वरचा भाग.

दुसरा टप्पा : तांबट आळी आणि कसब्याचा गणपती

आल्या वाटेने ओढा ओलांडून परत कसब्यात यावे. कसबा ही पुण्याची सर्वांत जुनी वस्ती. बाकीच्या पेठा तिच्याभोवती नंतर वसल्या. इथल्या आळ्यांची नावे धंद्यांवरून पडलेली आहेत : तांबट आळी, बुरूड आळी, शिंपी आळी, कुंभारवाडा. त्यांतल्या तांबट आळीत आजही हातोडीचा आवाज ऐकू येतो, आणि आळी शोधायला तोच पुरेसा पत्ता आहे.

इथले तांबट त्वष्टा कासार समाजाचे. पेशवाईत शहर वाढले, श्रीमंत घरे वाढली, तशी हंडे, घंगाळी, कळशा, तपेली यांची मागणी वाढली आणि कारागीर इथे स्थिरावले. पुढे आंघोळीचे पाणी तापवण्याचा तांब्याचा बंब हा या आळीचा हुकमी माल झाला; विजेच्या आणि गॅसच्या उपकरणांनी त्याची सद्दी संपवली. आता हेच हात दिवे, तबके, पाण्याच्या बाटल्या आणि शोभेची भांडी घडवतात. काम पाहायचे तर मठारकाम पाहावे. भांडे आकाराला आले की त्याच्या अंगावर हातोडीचे सारख्या अंतराने, सारख्या जोराचे ठोके ओळीने देत जातात. त्याने तांबे कठीण होते, भांड्याला ताकद येते आणि वर उजेड खेळवणारी ती ओळखीची नक्षी उमटते. एका मोठ्या भांड्यावर असे हजारो ठोके पडतात आणि एखादा चुकला तर अनुभवी नजरेला तो लगेच दिसतो. स्वयंपाकाचे भांडे घ्यायचे असल्यास आतून कथलाची कल्हई केली आहे का, हे आवर्जून विचारावे. तांब्यात आंबट पदार्थ ठेवायचा तर कल्हईशिवाय भागत नाही.

हे कारखाने म्हणजे लोकांची घरे आणि कामाच्या जागा आहेत. उंबऱ्याबाहेर उभे राहून “काका, थोडा वेळ बघू का?” असे विचारले तर सहसा कुणी नाही म्हणत नाही. छायाचित्रासाठी वेगळी परवानगी घ्यावी, आणि काम चालू असताना कारागिराला बोलण्यात गुंतवू नये. एखादी लहानशी वस्तू विकत घेतली तर उत्तमच, मात्र तिथे तुळशीबागेसारखी घासाघीस करू नये.

तांबट आळीतून कसबा गणपतीकडे दहा मिनिटांत पोहोचता येते. हे पुण्याचे ग्रामदैवत. जिजाबाई बालशिवाजीला घेऊन पुण्यात आल्या तेव्हा त्यांनी या देवळाची व्यवस्था लावली अशी परंपरा आहे. शेंदराचे थर चढत गेल्यामुळे मूर्तीचा मूळ आकार बराच काळ ओळखू येत नव्हता. देऊळ भव्य नाही, आणि तसे असेल या अपेक्षेने जाऊही नये. त्याचा मान मोठा आहे. विसर्जन मिरवणुकीतल्या मानाच्या पाच गणपतींत कसबा पहिला, मग तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा. यांतली काही ठिकाणे आजच्या वाटेवरच लागणार आहेत.

इथून पुढे जाताना वाटेत जुन्या वाड्यांचे दरवाजे लागतील. संगीताचे थोर जाणकार आबासाहेब मुजुमदार यांचा वाडा याच भागात आहे, पण ती खासगी मालमत्ता आहे. दार उघडे दिसले म्हणून आत शिरू नये. बाहेरूनसुद्धा वाड्याची रचना समजून घेता येते : मोठ्या दरवाजातला माणसापुरता छोटा दिंडी दरवाजा, आतल्या बाजूची पहारेकऱ्यांची देवडी, तिच्यापुढे उघडा चौक आणि चौकाभोवती ओसरी. दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणत आणि घर किती मोठे हे खणांत सांगत. एवढे ध्यानात ठेवले की शनिवारवाड्याचे उरलेले जोते नुसते दगड वाटत नाहीत, त्यांवर मनात घर उभे करता येते.

तिसरा टप्पा : लालमहाल आणि शनिवारवाडा

लालमहालाबाबत एक गोष्ट आधीच स्पष्ट असावी : आज दिसते ती इमारत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महापालिकेने उभारलेली आहे. शहाजीराजांनी बांधवलेला मूळ महाल केव्हाच नाहीसा झाला. आदिलशाही फौजेने जाळून बेचिराख केलेल्या पुण्याच्या भूमीवर जिजाबाईंनी सोन्याचा नांगर फिरवून वस्ती पुन्हा वसवली ही परंपरा, आणि ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजी महाराजांनी शाएस्तेखानावर घातलेला छापा, या दोन गोष्टींसाठी ही जागा महत्त्वाची आहे. इमारतीला दहा मिनिटे पुरतात.

रस्ता ओलांडला की शनिवारवाडा. आत शिरण्याची घाई करू नये. आधी पटांगणातून उत्तरेच्या दिल्ली दरवाजाकडे पाहावे. थोरल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी पायाभरणी केली आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. भोवतीचा तट आणि बुरूज पुढे नानासाहेबांच्या काळात पुरे झाले. तटाचा खालचा भाग दगडाचा आणि वरचा विटांचा आहे हे लांबूनच कळते. दगडी वाडा बांधण्याचा अधिकार फक्त छत्रपतींचा अशी कुरबूर साताऱ्याहून झाली म्हणून वरचे काम विटांत केले, अशी आख्यायिका सांगतात. मंडईची इमारत होण्यापूर्वी शहराचा भाजीबाजार याच पटांगणात भरत असे. फेरीच्या शेवटी मंडईत पोहोचाल तेव्हा हे आठवावे.

तिकीट काढून दिल्ली दरवाजातून आत जाताना तीन गोष्टी पाहाव्यात. दारांवरचे अणकुचीदार खिळे हत्तीची धडक रोखण्यासाठी आहेत. दरवाजाच्या आतल्या भिंतींवर पेशवेकालीन चित्रांचे पुसट अवशेष आहेत. डोळे अंधाराला सरावल्यावर शेषशायी विष्णू आणि गणपती ओळखू येतात. आणि आत शिरल्यावर वाट सरळ न जाता वळते, ती घुसणाऱ्या शत्रूचा वेग मोडावा म्हणून. नंतर वर नगारखान्यात जावे. तिथले कोरीव लाकडी खांब आणि महिरपी पाहिल्यावरच, २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागून अनेक दिवस धुमसत राहिलेल्या आगीने आतले काय गेले याचा अंदाज येतो. आतील सारे लाकडी मजले जळाले. उरली ती जोती, पायऱ्या आणि कारंजी. कमळाच्या आकाराचे हजारी कारंजे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध, आणि त्यालाही पाणी कात्रजचेच.

नारायणराव पेशव्यांचा ३० ऑगस्ट १७७३ रोजी इथे खून झाला. “काका, मला वाचवा” ही हाक अमावास्येला ऐकू येते, असे सांगणारा कुणी ना कुणी भेटतोच. त्याचे ऐकून घ्यावे आणि तटावरून फेरी मारायला निघावे. तटावरची ही फेरी सोडू नये. तिथूनच एका बाजूला नदीकडचा उतार आणि दुसरीकडे पेठांची दाटी दिसते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांचे कितीतरी जुने वाडे कोसळले. आज तिथे सिमेंटच्या इमारती का दिसतात, याचे अर्धे उत्तर त्या एका दिवसात आहे.

चौथा टप्पा : बुधवार पेठ

शनिवारवाड्यातून शिवाजी रस्त्याला लागताना नानावाडा दिसतो. नाना फडणवीसांचा हा राहता वाडा अठराव्या शतकाच्या अखेरचा. पुढे बराच काळ त्यात शाळा भरत असे. उघडा असेल तर आतला दिवाणखाना अवश्य पाहावा.

शिवाजी रस्त्यावरचे पुढचे पाव किलोमीटर सर्वांत त्रासाचे आहे. पदपथ अरुंद, त्यावर विक्रेते, आणि कडेला बसगाड्या. इथे बोलत रमतगमत न जाता सरळ दगडूशेठ हलवाई गणपतीपर्यंत जावे. रांगेत वेळ घालवायचा नसेल तर रस्त्यावरूनही मूर्ती दिसते. जवळच भाऊ रंगारी यांचे गणपती भवन आहे. सार्वजनिक गणेशोत्सव १८९२ मध्ये भाऊ रंगारींनी सुरू केला की १८९३ मध्ये लोकमान्य टिळकांनी, हा वाद पुणेकरांनी अद्याप मिटू दिलेला नाही. तिथे उभे राहून तो उकरून काढू नये, अर्धा तास सहज जातो.

दगडूशेठ मंदिरासमोरची जागा मात्र थांबून पाहायची आहे, जरी तिथे जुने काही उरलेले नसले तरी. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू केली तो भिडेवाडा इथे होता. मोडकळीस आलेली ती वास्तू न्यायालयीन लढ्यानंतर डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडण्यात आली. सनातनी पुण्याच्या ऐन मध्यात, हाकेच्या अंतरावर देवळे आणि ब्राह्मणी वाडे असताना ही शाळा भरली, हे नकाशावर वाचण्यापेक्षा त्या जागी उभे राहिल्यावर अधिक कळते.

इथून पश्चिमेच्या गल्लीतून तांबडी जोगेश्वरीला जाऊन यावे; तीही ग्रामदेवता. पुस्तकांची आवड असल्यास पुढे अप्पा बळवंत चौकापर्यंत जाता येईल, पण तिथे शिरलेला माणूस वेळेवर बाहेर पडत नाही. बुधवार पेठेच्या पूर्वेकडील काही गल्ल्यांत देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया राहतात. तिकडे कुतूहलाने फिरू नये आणि कॅमेरा तर मुळीच बाहेर काढू नये.

शिवाजी रस्ता लक्ष्मी रस्त्याला मिळतो तो बेलबाग चौक. चौकाला नाव देणारे नाना फडणवीसांचे लक्ष्मी-विष्णूचे देऊळ दुकानांच्या मागे इतके लपलेले आहे की रोज तिथून जाणाऱ्यांनाही ते ठाऊक नसते. दार शोधून आत गेल्यावर गर्दीचा आवाज एकदम मागे पडतो. थकवा आला असेल तर बसायला या वाटेवर याहून चांगली जागा नाही.

पाचवा टप्पा : विश्रामबाग, तुळशीबाग, मंडई

लक्ष्मी रस्त्याने पश्चिमेला जाऊन बाजीराव रस्त्यावर डावीकडे वळले की विश्रामबागवाडा येतो. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो बांधला. शनिवारवाड्यात राहणे त्याला नकोसे झाले होते. १८१८ मध्ये पेशवाई गेल्यानंतर १८२१ मध्ये इंग्रजांनी इथे संस्कृत पाठशाळा काढली, आणि डेक्कन कॉलेजचे मूळ या पाठशाळेत आहे. १८७९ च्या आगीत वाड्याचा काही भाग जळाला, त्याच सुमारास पेशव्यांचा बुधवारवाडाही आगीत गेला. तरीही शनिवारवाड्यात जे कल्पनेने उभे करावे लागले ते इथे डोळ्यांनी पाहता येते, म्हणून या दोन वाड्यांचा क्रम उलटा करू नये. रस्त्यावरचा कोरीव सज्जा, सुरूच्या झाडासारखे निमुळते होत जाणारे लाकडी खांब, आतले चौक आणि वरचा दिवाणखाना एवढे नीट पाहावे. डागडुजीमुळे कधी एखादा भाग बंद असतो.

समोरच्या बाजूने तुळशीबागेत शिरावे. भांडी, पूजासाहित्य, बांगड्या, खेळण्यातली भातुकली यांच्या मधून वाट काढत मधल्या राममंदिराच्या आवारात जायचे. सरदार नारो आप्पाजी तुळशीबागवाले यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे देऊळ उभारले. आवारात भिंतीलगत उभे राहून मान वर केली की लहान लहान कोनाडे आणि मूर्ती यांनी भरलेले उंच शिखर पूर्ण दिसते. बाजारातून त्याचे फक्त टोक दिसते. न्याहारी उरकली नसेल तर इथेच मिसळ खावी, पुढे मंडईत बसायला जागा कमी.

शेवटचा थांबा महात्मा फुले मंडई. १८८६ मध्ये ती सुरू झाली तेव्हा मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने तिला रे मार्केट म्हणत. मधला अष्टकोनी मनोरा आणि त्याला फुटलेले लांब हात ही तिची रचना समजण्यासाठी आत मधोमध जाऊन उभे राहावे. हवा खेळती ठेवणारे उंच छप्पर आणि भाजीच्या ओट्यांच्या रांगा तिथून एकदम ध्यानात येतात. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुले यांनी मंडईवरच्या मोठ्या खर्चाला विरोध केला होता, तो पैसा शिक्षणावर घालावा असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९३८ च्या सुमारास त्याच इमारतीला त्यांचे नाव मिळाले. बाहेर लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे. तो १९२४ मध्ये बसवला गेला आणि अनंत चतुर्दशीची मिरवणूक इथूनच निघते.

वेळेचा हिशोब चुकला किंवा सोबत वयस्कर माणसे असली, तर फेरीचे दोन भाग करावेत : एका सकाळी त्रिशुंड ते शनिवारवाडा आणि दुसऱ्या सकाळी बुधवार पेठ ते मंडई. लहान मुलांबरोबर तांबट आळी, शनिवारवाडा आणि तुळशीबाग ही तीनच ठिकाणे पुरेत. मंडईपासून थोड्याच अंतरावर राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे, आणि चालून दमलेले पाय तिथे न्यावेसे वाटतात. पण दिवे, अडकित्ते, दरवाजे, वाद्ये असे घरगुती वस्तूंचे ते भांडार थकल्या डोळ्यांनी पाहण्याजोगे नाही. त्यासाठी स्वतंत्र दिवस ठेवावा आणि आज सरळ मंडई स्थानकाचा जिना उतरावा.